जावाचा क्लास कोटलिनमध्ये येतो, पण नल कुणी तपासायचा?

आजचा विषय कोडचा आहे, आणि कोड कानाने ऐकवणं म्हणजे फोनवरून रांगोळी सांगण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो. बसमध्ये, लोकलमध्ये असाल तर नुसतं ऐका. नावं नीट बघायची असतील तर ही लेखी आवृत्ती आहेच.

अँड्रॉइड शिकायला लागलेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात. "मी कोटलिन शिकलोय, पण इंटर्नशिपला गेलो तर अर्धा प्रोजेक्ट जावात निघाला. आता जावा पण शिकायचं का?" माझं उत्तर असं की जावा लिहिण्यात पारंगत व्हायची गरज नाही, पण वाचता आलंच पाहिजे. आणि त्याहून महत्त्वाचं, जावातला क्लास कोटलिनमध्ये वापरताना आत नक्की काय होतं ते कळलं पाहिजे. कारण मिश्र प्रोजेक्टमधले बरेच वैतागवाणे क्रॅश त्याच सांध्यावर जन्माला येतात.

थोडा इतिहास, पटकन. जावा लोकांसमोर आली १९९५ साली, सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीकडून. कोटलिन जाहीर केली जेटब्रेन्सने २०११ मध्ये आणि तिची १.० आवृत्ती आली २०१६ मध्ये. २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ मध्ये सांगितलं की इथून पुढे आधी कोटलिन. गंमत म्हणजे नावं दोन्ही बेटांची. कोटलिन हे सेंट पीटर्सबर्गजवळचं बेट. जावाचं नाव कॉफीवरून आलं आणि त्या कॉफीचं नाव इंडोनेशियातल्या बेटावरून. आमच्या घरी मात्र जावा म्हटलं की काकांना अजून मोटरसायकलच आठवते.

तर २०१७ च्या आधी लिहिलेली जी अँड्रॉइड अ‍ॅप्स आजही चालू आहेत, त्यांच्या पोटात जावा असणारच. ती सगळी पुन्हा कोटलिनमध्ये कुणी लिहून काढत नाही, आणि काढूही नये. का, ते शेवटाकडे बोलू.

आता एक उदाहरण धरू. समजा, गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी एक अ‍ॅप आहे. सकाळी सहाला कॅन घेऊन लोक रांगेत उभे. दूध मोजलं, फॅट लावलं, एसएनएफ बघितलं, दरपत्रकातून दर काढला, पावती दिली. दहा दिवसांनी बिल. या अ‍ॅपचा जुना भाग जावात आहे. त्यात एक क्लास आहे 'खातेदार', एक आहे 'दूधनोंद' आणि एक 'दरपत्रक'. नवीन स्क्रीन तुम्ही कोटलिनमध्ये लिहिताय. तुम्ही सरळ लिहिता की एक खातेदार बनव, त्याचं नाव दे, त्याची आजची नोंद दे. आणि ते चालतं! कुठे काही जोडावं लागत नाही, मध्ये कुणी दुभाषा बसवावा लागत नाही. एका भाषेचा क्लास दुसऱ्या भाषेत जणू तिथलाच.

हे कसं काय?

क्लासचा सातबारा

आपण जावा लिहितो ती फाइल फोन वाचत नाही. जावाचा कंपाइलर तिच्यापासून एक वेगळी फाइल बनवतो, तिला म्हणतात क्लास फाइल. त्यात असतं बाइटकोड. आणि या फाइलचा साचा ठरलेला आहे, अगदी बाइट न् बाइट. पहिले चार बाइट तर कायम तेच. हेक्साडेसिमलमध्ये वाचले तर अक्षरं येतात सी-ए-एफ-ई-बी-ए-बी-ई, म्हणजे 'कॅफे बेब'. जगातली कुठलीही क्लास फाइल उघडा, सुरुवात याच चार बाइटने. त्यापुढे क्लासचं नाव, त्याचा पालक क्लास कोण, आत कोणती फील्ड, कोणती मेथड, प्रत्येक मेथड काय घेते, काय परत देते.

मला ही फाइल सातबाऱ्यासारखी वाटते. जमीन कुणीही कसो, घरात कोणतीही भाषा बोलो, उताऱ्याचे रकाने ठरलेले. तलाठ्याला जे वाचायचं ते तो तिथून वाचतो.

कोटलिनच्या लोकांनी शहाणपणा हा केला की स्वतःचा वेगळा उतारा काढलाच नाही. कोटलिनचा कंपाइलरही तीच क्लास फाइल बनवतो. तेच कॅफे बेब, तेच रकाने. त्यामुळे तयार क्लास फाइल चालवणाऱ्या यंत्राला, मूळ कोड जावाचा होता की कोटलिनचा, याने काही फरक पडत नाही. अँड्रॉइडवर अजून एक पायरी आहे. या सगळ्या क्लास फाइली एकत्र करून त्यांची डेक्स फाइल होते आणि ती तुमच्या फोनमधला अँड्रॉइड रनटाइम चालवतो. याच्याआधी हे काम डॅल्विक नावाचं यंत्र करायचं, आणि ते नाव आइसलंडमधल्या एका गावाचं. बेटं झाली, गावही झालं.

यातला मुख्य मुद्दा मात्र सोडू नका. दोन्हीकडच्या वस्तू एकाच मेमरीत राहतात. जावाने बनवलेला खातेदार कोटलिनला देताना त्याची प्रत काढली जात नाही, रूपांतर होत नाही. तोच खातेदार, तोच पत्ता. कचरा उचलणारा गार्बेज कलेक्टरही एकच. कोटलिनची स्ट्रिंग ही चालताना जावाचीच स्ट्रिंग असते. कोटलिनचा साधा इंट हा शक्य तिथे जावाचा साधा इंटच असतो, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं तर तो जावाचा इंटिजर नावाचा डबा होतो, कारण रिकामं असणं साध्या इंटला जमतच नाही.

मग कुणी चाणाक्ष श्रोता विचारेल की जावाचा क्लास कोटलिनला लागतो आणि कोटलिनचा क्लास जावाला लागतो, तर आधी कंपाइल कोण होणार? कोंबडी आधी की अंडं? उत्तर साधं आहे. आधी कोटलिनचा कंपाइलर बसतो. तो जावाच्या मूळ फाइली नुसत्या वाचतो, कंपाइल करत नाही, फक्त कोणते क्लास आहेत आणि त्यांच्या मेथड कोणत्या, एवढं टिपून घेतो. त्यावरून तो आपल्या क्लास फाइली बनवतो. मग जावाचा कंपाइलर येतो आणि या तयार क्लास फाइली हाताशी घेऊन आपलं काम करतो. म्हणूनच लोम्बॉकसारखं साधन, जे जावा कंपाइल होताना गेटर आपोआप तयार करतं, ते मिश्र प्रोजेक्टमध्ये रुसतं. कोटलिनने जावाची फाइल वाचली तेव्हा ते गेटर अजून जन्मालाच आले नव्हते.

काही गोडवेही आहेत. जावात 'गेटनाव' आणि 'सेटनाव' अशा दोन मेथड असतील तर कोटलिन त्यांना एकत्र करून नुसतं 'नाव' म्हणून दाखवतं. खातेदार डॉट नाव, बास. जावात बटणावर क्लिक ऐकायला अख्खा एक क्लास लिहायचे, तिथे कोटलिनमध्ये महिरपी कंसात दोन ओळी पुरतात. आणि जावातल्या एखाद्या मेथडचं नाव कोटलिनमध्ये राखीव शब्द असेल तर ते उलट्या टिंबांत, म्हणजे बॅकटिकमध्ये घालतात. टेस्टिंगसाठी मॉकिटो वापरणाऱ्यांना 'व्हेन' शब्दाभोवती ते बॅकटिक रोज दिसत असतील.

रिकाम्याचा रकाना

आता इथे थोडं थांबू. सातबाऱ्यावर सगळं येत नाही. दोन भावांत तोंडी ठरलंय की विहिरीचं पाणी एक दिवसाआड घ्यायचं, ते उताऱ्यावर असतंच असं नाही. क्लास फाइलचंही तसंच. 'गेटमोबाइल' ही मेथड स्ट्रिंग परत देते, एवढं तिथे लिहिलेलं असतं. ती स्ट्रिंग कधी रिकामी, म्हणजे नल असू शकते का, याला रकानाच नाही. जावा भाषेतच तो भेद नाही, तर फाइलीत कुठून येणार?

नल म्हणजे 'इथे काहीच नाही'. ही कल्पना टोनी होअर यांनी १९६५ च्या सुमारास अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणली आणि पुढे २००९ मध्ये एका भाषणात तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कोटलिनचा तर अर्धा लौकिकच यावर उभा आहे की तिथे नलला दार बंद. स्ट्रिंग म्हटलं की त्यात काहीतरी असणारच. रिकामं चालणार असेल तर स्ट्रिंगपुढे प्रश्नचिन्ह लावायचं, आणि मग वापरण्याआधी तपासायचं. नाही तपासलं तर कंपाइलर पुढे जाऊ देत नाही.

मग जावाकडून आलेल्या स्ट्रिंगचं काय करायचं? कोटलिन बनवणाऱ्यांनी सुरुवातीला कडक धोरण ठेवलं होतं. जावाकडून येतंय ना, मग ते रिकामं असू शकतं असंच धरा. कागदावर बरोबर. पण प्रत्यक्षात काय झालं, तर प्रत्येक ओळीत प्रश्नचिन्हं आणि तपासण्या. जिथे नल येणं शक्यच नाही तिथेही. लोक कंटाळून आंधळेपणाने तपासण्या गप्प करायला लागले तर त्या असून नसून सारख्याच. म्हणून १.० यायच्या आधीच त्यांनी तिसरा मार्ग काढला. त्याला म्हणतात प्लॅटफॉर्म टाइप. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये तो दिसतो स्ट्रिंग आणि पुढे उद्गारचिन्ह असा. हा टाइप तुम्हाला स्वतः लिहिता येत नाही, फक्त दिसतो. अर्थ असा की 'हे जावाकडून आलंय, रिकामं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही, जबाबदारी तुमची'.

मला हे धोरण पटतं, पण त्याची किंमत आहे. कोटलिन लिहिणारा निर्धास्त असतो की इथे नल येत नाही, आणि नेमकं या उद्गारचिन्हाच्या फटीतून नल आत येतो.

आपल्या केंद्रावर परत जाऊ. कोटलिनमध्ये तुम्ही लिहिलंत: व्हॅल मोबाइल इज इक्वल टू खातेदार डॉट मोबाइल. टाइप लिहिला नाही, म्हणून मोबाइलला तो उद्गारचिन्हवाला टाइप मिळाला. तसाच तो एका यादीत शिरला, आणि चार फाइली पलीकडे कुणीतरी त्याची लांबी मोजायला गेलं. क्रॅश. आता क्रॅशचा अहवाल त्या चौथ्या फाइलीचं नाव सांगतो, आणि त्या फाइलीत दोष काहीच नाही.

हेच तुम्ही टाइप लिहून केलंत, मोबाइल कोलन स्ट्रिंग, तर कोटलिन त्याच ओळीवर तपासणी बसवतं. नल आला तर तिथेच क्रॅश. क्रॅश तो क्रॅशच, पण पत्ता खरा. आणि स्ट्रिंगपुढे प्रश्नचिन्ह लावून लिहिलंत तर क्रॅश होतच नाही, कंपाइलर आधीच विचारतो की रिकामं असेल तर काय करू? आमच्या टीममध्ये यावर एकच नियम आहे. जावाकडून काहीही घेताना टाइप स्वतः लिहायचा. चार अक्षरं जास्त टायपावी लागतात. लागू देत.

आता खरा पेच. 'रिकामं असेल तर काय करू' या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं?

मोबाइल नंबर नसेल तर सोपं आहे, मेसेज पाठवू नका. पण फॅटचं बघा. दूधनोंद क्लासमध्ये 'गेटफॅट' आहे, ती डबल नावाचा डबा परत देते. फॅट मशीनची वायर निघालेली असेल तर नल. कोटलिनमध्ये फॅट गुणिले दर केलं की क्रॅश. सकाळी सव्वासहाला, मागे वीस कॅन उभे असताना. तुम्ही घाईत दुरुस्ती करता. कोटलिनमध्ये एक एल्व्हिस ऑपरेटर आहे, प्रश्नचिन्ह आणि कोलन. मान वाकडी करून बघितलं तर एल्व्हिस प्रिस्लीच्या केसांच्या फुग्यासारखं दिसतं, म्हणून ते नाव. त्याचा अर्थ, डावीकडचं रिकामं असेल तर उजवीकडचं घे. तुम्ही लिहिता, फॅट एल्व्हिस शून्य. कंपाइलर खूश. क्रॅश गेला. आणि त्या माणसाच्या म्हशीच्या दुधाला फॅट शून्य लागून पावती निघाली.

हा क्रॅशपेक्षा वाईट प्रकार आहे. क्रॅश निदान दिसतो, कुणीतरी ओरडतो. शून्य फॅटची पावती खिशात जाते आणि दहा दिवसांनी बिलात कमी पैसे येतात, मग वाद संकलन केंद्रावरच्या पोराशी. 'मोजलं नाही' आणि 'शून्य आलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जावाच्या नलमध्ये 'मोजलं नाही' ही माहिती होती, ती एल्व्हिसने पुसली. इथे बरोबर उत्तर म्हणजे पावती थांबवणं आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'फॅट मोजलं नाही, मशीन तपासा' असं दाखवणं. पण हे उत्तर कंपाइलर देऊ शकत नाही. ते दूध मोजणाऱ्याला विचारावं लागतं. कोड रिव्ह्यू करताना एल्व्हिसपुढे शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग दिसली की मी तिथे हटकून थांबतो.

शेरा मारा

बरं, प्रत्येक वापरणाऱ्याने प्रत्येक वेळी सावध राहायचं, हा काही कायमचा उपाय नाही. उपाय मुळाशी आहे, जावाच्या क्लासवर. सातबाऱ्यावर शेऱ्याची जागा असते तशी क्लास फाइलीतही आहे. तिला अ‍ॅनोटेशन म्हणतात. गेटफॅटच्या डोक्यावर 'ॲट नलेबल' लिहायचं, गेटनावच्या डोक्यावर 'ॲट नॉननल'. जावाचा कंपाइलर तिकडे ढुंकून बघत नाही, पण कोटलिनचा वाचतो. उद्गारचिन्ह जातं आणि त्याजागी पक्का टाइप येतो. एकदा शेरा मारला की त्या क्लासचा प्रत्येक कोटलिन वापरणारा सुरक्षित.

अँड्रॉइडने स्वतःच्या एपीआयवर हेच केलं. पण एका रात्रीत सगळ्यांवर शेरे मारले असते तर चालू अ‍ॅप्सचा कोड दुसऱ्या दिवशी कंपाइल झाला नसता. म्हणून त्यांनी आधी 'रीसेंटली नलेबल', 'रीसेंटली नॉननल' असे मवाळ शेरे आणले, ज्यांनी फक्त इशारा मिळतो, एरर येत नाही. लोकांना वेळ दिला, मग कडक केलं. एकच पंचाईत अशी होती की हे शेरे मारायच्या पद्धती ढीगभर, प्रत्येक लायब्ररीची आपली वेगळी. त्यावर तोडगा म्हणून अनेक कंपन्यांनी मिळून जेस्पेसिफाय नावाचा एक सामाईक संच काढला. त्याची १.० आवृत्ती २०२४ मध्ये आली. नवीन प्रोजेक्ट असेल तर तोच वापरा.

शेरा खोटा मारू नका, एवढंच. नॉननल लिहिलं आणि आतून नल परत दिला, तर कंपाइलर तुमच्यावर विश्वास ठेवून विचारायचंच थांबतो. त्यापेक्षा शेरा नसलेला बरा.

एक मागचं दारही आहे. सर्व्हरकडून जेसन येतं, ते वाचून वस्तू बनवायला बरीच जुनी अ‍ॅप्स जीसन वापरतात. ती जावासाठी लिहिलेली लायब्ररी. तुमचा कोटलिनचा डेटा क्लास आहे, त्यात गाव हे फील्ड साधी स्ट्रिंग, प्रश्नचिन्ह नाही. सर्व्हरने गाव पाठवलंच नाही. तुम्हाला वाटेल वस्तू बनतानाच एरर येईल. येत नाही. क्लासला रिकामा कन्स्ट्रक्टर नसेल तर जीसन कन्स्ट्रक्टरला बगल देऊन, जावाच्या अनसेफ नावाच्या आतल्या क्लासच्या मदतीने वस्तू उभी करते. कोटलिनच्या तपासण्या कन्स्ट्रक्टरच्या दारात उभ्या, आणि पाहुणा मागून आत. आता कोटलिन म्हणतं गाव कधीच रिकामं नसतं, आणि गाव रिकामं आहे. इथे उद्गारचिन्हही दिसत नाही, म्हणून हा जास्त फसवा. मोशी किंवा कोटलिनची स्वतःची सीरियलायझेशन लायब्ररी वापरली तर त्या हे ओळखतात आणि जेसन वाचतानाच तक्रार करतात.

उलट्या दिशेने

जावातून कोटलिनचा क्लास वापरताना नलचा प्रश्न कमी. कोटलिनचा कंपाइलर सार्वजनिक फंक्शनच्या तोंडाशीच तपासणी बसवतो. जावाने नल पाठवला तर दारातच नलपॉइंटर एक्सेप्शन, पॅरामीटरच्या नावासकट. तिथले त्रास वेगळे, आणि बहुतेक किरकोळ. क्लासबाहेर मोकळं लिहिलेलं फंक्शन जावाला कुठे सापडणार? तर फाइलीच्या नावापुढे 'केटी' लावून एक क्लास तयार होतो, त्यात. डिफॉल्ट किमती जावाला दिसत नाहीत, त्यासाठी 'जेव्हीएम ओव्हरलोड्स' असा शेरा लागतो. कोटलिनचे क्लास मुळातच बंद असतात, 'ओपन' लिहिल्याशिवाय जावाला त्यांचा वारस बनवता येत नाही.

दोन गोष्टी मात्र किरकोळ नाहीत. कोटलिनची 'लिस्ट' फक्त वाचायची, बदलायची नाही, असं आपण मानतो. चालताना ती जावाचीच लिस्ट असते. आत अरेलिस्ट असेल आणि ती तुम्ही जावाच्या मेथडला दिली, तर ती मेथड बिनधास्त त्यात भर घालू शकते. दिवसभराच्या नोंदींची यादी जुन्या रिपोर्ट क्लासला देताना प्रत काढून द्या. दुसरी, कोटलिनमध्ये चेक्ड एक्सेप्शन नाहीत. फाइल वाचणारं कोटलिनचं फंक्शन आयओ एक्सेप्शन फेकू शकतं, पण 'ॲट थ्रोज' असं लिहिलं नसेल तर जावाला ते माहीतच नसतं. जावात ते पकडायला गेलात तर कंपाइलर अडवतो, म्हणतो इथे हे एक्सेप्शन येतच नाही. येतं, हो!

आता दोन भाषांचा पाया एक नसेल तर? अँड्रॉइडमध्येच बघा, जावा किंवा कोटलिनमधून सी++ वापरायची तर जेएनआय नावाचा पूल लागतो. तिथे क्लास असा सहज पलीकडे जात नाही. सी++ चा कंपाइलर मेथडचं नाव पिळून ठेवतो, मेमरी वेगळी, गार्बेज कलेक्टर नाही. म्हणून लोक काय करतात, सी++ मधल्या वस्तूचा पत्ता एका लाँग आकड्यात जपून ठेवतात, आणि प्रत्येक कामाला तो आकडा पुलापलीकडे पाठवतात. वस्तू पुसायची कुणी आणि कधी, हे आपणच लक्षात ठेवायचं. विसरलं तर मेमरी गळत राहते, दोनदा पुसली तर अ‍ॅप कोसळतं. हे एकदा केलं की जावा-कोटलिनचा संसार किती सुखाचा आहे ते कळतं.

आयफोनवाल्यांनी हसू नये. स्विफ्ट २०१४ मध्ये आली तेव्हा जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सीच्या क्लासबाबत अगदी हाच पेच होता, आणि तिथेही खूण तीच, टाइपपुढे उद्गारचिन्ह. २०१५ मध्ये अ‍ॅपलने ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये नलेबल-नॉननलचे शेरे आणले.

मग जुनी जावा फेकून सगळं कोटलिनमध्ये का लिहू नये? अँड्रॉइड स्टुडिओत एक बटण दाबलं की जावाची फाइल कोटलिन होते, तरी मी दरपत्रकासारख्या क्लासला घाईने हात लावणार नाही. त्यात दहा वर्षांचे फॅट-एसएनएफचे बारकावे आहेत. कुठे दशांश कापायचा, कुठे वर न्यायचा, याचे वाद मिटून ते कोडमध्ये बसलेत. ते पुन्हा लिहिताना एक पैसा इकडेतिकडे झाला तरी रोज, प्रत्येक खातेदाराला. क्लास आहे तसा वापरता येतोय तर वापरा, आणि वाचलेला वेळ शेरे मारण्यात घाला.

सुरुवात करायची तर अशी करा. अँड्रॉइड स्टुडिओत कोटलिनच्या ज्या ओळीत जावाची मेथड वापरलीय तिथल्या व्हेरिएबलवर कर्सर ठेवा आणि त्याचा टाइप बघा. उद्गारचिन्ह दिसलं तर ती जागा टिपून ठेवा. मग टूल्समधून कोटलिन, तिथून 'शो कोटलिन बाइटकोड', आणि मग 'डीकंपाइल' दाबा. तुमच्या कोटलिनची जावा समोर येईल. टाइप लिहून आणि न लिहून, दोन्ही वेळा हे करून बघा, तपासणीची ओळ कुठे येते आणि कुठे गायब होते ते डोळ्यांनी दिसेल. टिपलेल्या जागांपैकी सगळ्यात जास्त जागा ज्या एका जावा क्लासकडे जातात, त्याच्यावर पहिले शेरे मारा. आपल्या केंद्राच्या अ‍ॅपमध्ये तो बहुतेक दूधनोंद असेल.